हवेचं भाडं

गेल्या मंगळवारी आमचा दुसरा कंटेनर पांढरकवड्यात पोचला. हायवेलगतच्या गोदामासमोर ट्रेलर लागला, सील तोडलं, दार उघडलं... आणि मी आत बघतच राहिले. खालपासून वरपर्यंत खोकी, मधे बोट घालायला जागा नाही. खोकी बघून माझ्या डोळ्यांत पाणी का आलं, ते सांगते.

आमचं शेतीच्या अवजारांचं दुकान आहे. बाबांच्या मागे मी चालवते. गेल्या वर्षी मोठ्या हौसेनं थेट चीनमधून पॉवर वीडर मागवले... म्हणजे कपाशीच्या दोन ओळींमधलं तण काढणारं, हातानं धरून चालवायचं छोटं मशीन.

तेव्हा मी स्वतःला फार हुशार समजत होते. तीन एजंटांना एकमेकांशी झुंजवून सगळ्यात कमी समुद्रभाडं पदरात पाडून घेतलं. माल मुंबईच्या बंदरात उतरला आणि त्याच एजंटाचं दुसरं बिल आलं... हाताळणीचे वेगळे, कागदांचे वेगळे, माल सोडवायच्या डिलिव्हरी ऑर्डरचे वेगळे. भाड्यात सोडलेलं सगळं त्यानं तिथे वसूल केलं, वर चार पैसे जास्तच.

शेवटी मशीन इतकं महागात पडलं की नागपूरला तसंच मशीन स्वस्त मिळत होतं. शेतकरी यायचे, मशीनवरून हात फिरवायचे, भाव विचारायचे आणि 'येतो मंग' म्हणून जायचे. गेलेला माणूस परत येत नाही, हे दुकानदाराला वेगळं सांगावं लागत नाही.

मी ठरवून टाकलं. हा साठा संपला की आयात बंद, आणि नुसत्या फवारणी पंपांवर दोन माणसांचं दुकान काही चालणार नाही. हिरामणकाकांना तसं सांगितलंही... दिवाळीनंतर दुसरं काम बघा म्हणून.

हिरामणकाका बाबांच्या वेळेपासून आमच्याकडे आहेत. इथून जवळच्याच तांड्यावरचे. माल उतरवणं, गाडी भरणं, मशीन दुरुस्त करणं, सगळं तेच बघतात. मी त्यांना जा म्हणाले तेव्हा ते पाना घेऊन पुढच्या कामाला लागले.

आता आमच्याकडची एक पद्धत सांगते, कारण सगळी गंमत तिथेच आहे. मुकुटबनकडचं गिऱ्हाईक काळीपिवळीनं, म्हणजे शेअर जीपनं येतं आणि मशीन तिच्या टपावरच्या कॅरियरवर टाकून नेतं. अख्खं मशीन काही तिथे मावत नाही. मग काका हँडल काढणार, चाकं काढणार, पाती सोडवून पोत्यात बांधणार. त्याबद्दल गिऱ्हाईक त्यांच्या हातात एखादी नोट ठेवतं. त्याला आम्ही 'खोलाई' म्हणतो.

त्यांना जा म्हटल्याला आठवडासुद्धा झाला नसेल. कसंबसं विकलं गेलेलं एक मशीन खोलून झालं आणि काका रिकाम्या खोक्यात खांद्यापर्यंत हात घालून बसले. मला वाटलं काही पडलं असेल आत.

"ताई, इथं आणून आपण खोलतोच. मंग तिथूनच खुलं काहून नाही बोलवत? अर्ध्या खोक्यात त हवाच हाये. हवेचं भाडं देऊन राह्यलो आपण."

कंटेनरचं भाडं अख्ख्या कंटेनरचं असतं, आत माल असो की हवा. बंदराचा खर्चही तसाच, तिथून इथवरच्या ट्रेलरचाही तसाच. आणि मी महिनोन्महिने एजंटांशी घासाघीस करत बसले होते.

काकांचे आजे-पणजे बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरायचे. बैल चालवायचा तर पाठीवर रिकामी जागा न्यायची नाही, हे त्यांनी घरात ऐकलेलं. माझ्याकडे एवढी कॉमर्सची डिग्री आहे, पण खोक्यात हात घालून बघायचं मला कधी सुचलं नाही.

मग व्हिडिओ कॉल झाला. पलीकडे चीनच्या कारखान्यातली सेल्सवाली मुलगी, इकडे काका पाना घेऊन. "हे असं काढ, हे याच्या पोटात घाल," असं अस्सल वऱ्हाडीत चाललं होतं. मी भाषांतराचं ॲप उघडेपर्यंत त्या मुलीनं मान डोलावून सगळं रेकॉर्ड करून घेतलं होतं...

यावेळी आमच्या दारापर्यंतचा सगळा खर्च आधी लेखी मागितला, मगच बुकिंग केलं. आणि तेवढ्याच कंटेनरमध्ये जवळजवळ दुप्पट मशिनं आली. भाव नागपूरच्या खाली उतरला. गुरुवारी पहिलं गिऱ्हाईक आलं, मुकुटबनचंच. भाव ऐकून त्यानं 'येतो मंग' म्हटलं नाही.

चपटं खोकं थेट कॅरियरवर चढलं. काकांनी दोरी आवळली, राम राम केला, जीप गेली. काकांचा हात रिकामाच होता... आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"काका, तुमची खोलाई गेली की."

"मले ठाऊक होतं न, ताई," ते दोरीचं उरलेलं टोक गुंडाळत म्हणाले. "पण आपलं दुकान बुडून राह्यलं होतं."

आता काका गिऱ्हाइकाच्या वावरात जाऊन मशीन जोडून देतात, चालवून दाखवतात. त्याचे पैसे मी किमतीतच धरलेत आणि ते काकांचे आहेत. दुसरं काम बघायची गोष्ट मी हात जोडून मागे घेतली.

पण माझ्या मनातून एक गोष्ट जात नाही. मी ज्या माणसाला घरी जा म्हणाले होते, तो त्याच आठवड्यात रिकाम्या खोक्यात हात घालून 'आपण' म्हणत होता... काका, तुमचे उपकार आहेत.