बाळ उजेडात आणलं तेव्हा

मला कुणी शहाणपण शिकवलेलं खपत नाही, हे आमच्या पाथर्डीकडच्या वस्तीवर सगळ्यांना ठाऊक आहे. तीन जावांची बाळंतपणं मी निस्तरली. त्यामुळं लेक पहिलटकरीण म्हणून माहेरी आली आणि महिनाभर आधीच बाळंत झाली, तरी मी डगमगले नाही. मुलगी झाली, दोन किलोच्या थोडी वर. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातनं घरी आणली आणि आमच्या रिवाजाप्रमाणं मायलेकींना आतल्या खोलीत ठेवलं. खिडकीला घोंगडं, दाराला लुगडं. वारा नको, कुणाची नजर नको. वर हळद-तेलाचं चोळणं होतंच.

पोर सारखी झोपायची. पाजायला घेतली तरी दोन घोटांत पेंगायची. मी आल्यागेल्याला कौतुकानं सांगायची, "लई गुणाची हाय. रडती का बघा!"

पाचव्या दिवशी पाचवीच्या पूजेची गडबड चालली होती आणि आशाताई दारात, सरकारी दवाखान्याकडनं घरोघरी बाळ-बाळंतीण तपासत फिरणारी. बाळ बघायचंय म्हणाली.

"आज सटवाईचा दिवस हाय. बाळ बाहेर काढायचं न्हाई. उद्या ये."

"मावशी, उद्याचं उद्या. आज बघू द्या."

"कालची पोर तू, मला शिकवतीस व्हय?"

ती दारातनं हलली नाही. तेवढ्यात आतून लेकीचा रडवेला आवाज आला, "आई, बघू दे तिला. बाळ पीतच न्हाई गं."

आशाताईनं बाळ अंगणातल्या उजेडात आणलं. ओल्या फडक्यानं हळद पुसली. कपाळावर बोट दाबून उचललं, मग छातीवर, मग तळपायावर. बोट उचललं की खालची कातडी पिवळीजर्द. घरी आणल्यापासनं मी त्या पोरीला अंधारात ठेवून वरनं हळद फासत होते!

"कावीळ हाय. आत्ताच्या आत्ता नगरला न्यायचं," ती म्हणाली. फोन करून तिनंच गाडी बोलावली. बाळाला उघड्या अंगानं लेकीच्या छातीशी लावलं, वर शाल गुंडाळली, म्हणाली, "हिला गार पडू द्यायचं न्हाई." पूजा तशीच राहिली.

दवाखान्यात बाळाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या दिव्याखाली ठेवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजच आणलंत ते बरं केलंत. कावीळ मेंदूत गेली असती तर पोरीचं ऐकणं, चालणं, सगळंच अवघड होतं." लेकीकडं बघायची माझी हिंमत होईना.

दवाखान्यातल्या चौथ्या दिवशी कावीळ उतरली. पोरीनं भुकेनं असं काही भोकाड पसरलं की शेजारच्या बाया हसायला लागल्या. नेमकी तेव्हाच आशाताई जीपनं भेटायला आली. मी भर दवाखान्यात तिच्या पाया पडायला वाकले. वयानं ती माझ्या लेकीएवढी. तिनं खांदे धरून मला उभं केलं.

"पाया कसलं पडता, मावशी? आधी हात धुवा. नात घ्यायची न्हाई का?"

मी कोपरापर्यंत हात धुतले. दोनदा धुतले, रडत रडत धुतले.