कॅमेऱ्याचं तोंड भिंतीकडे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, पण तुमच्यावर माझा पुरता विश्वास आहे असं समजू नका. संशय घेणं हा माझा जुना आजार, आणि ही गोष्ट त्याचीच.

दहाएक वर्षांपूर्वी पनवेलमध्ये टपाल नाक्याजवळ माझं गेम पार्लर होतं. पोरं तासाच्या भाड्याने गाड्या पळवायची, मारामाऱ्या करायची. शिवाय गावातल्या एका साप्ताहिकात मी नव्या गेमची परीक्षणं लिहायचो. माझं मत ठाम — गेम म्हणजे बोटांचं कसब. आयाबाया, आजोबा, कुणीही येऊन खेळावं असली कन्सोलं, म्हणजे टीव्हीला जोडायची गेमची मशीनं, मला कंपन्यांची लबाडी वाटायची. खरं सांगू? अजूनही थोडी वाटते.

अशात माझा शाळेपासूनचा मित्र इम्तियाज कुवेतहून परत आला आणि त्याने लाइन आळीत दुकान काढून नेमकं तसलंच कन्सोल लावलं. हातात काही धरायचं नाही. टीव्हीवर एक कॅमेरा. आपण उडी मारली की पडद्यावरचा माणूस उडी मारतो. दुपारची वेळ फक्त बायकांची. दाराला पडदा, दाराशी त्याची बायको शबाना. बुरखेवाल्या, साडीवाल्या, सगळ्या बाहेर चपला काढून आत धिंगाणा घालायच्या. माझी आईसुद्धा जायची — गुडघे धरून जिना उतरणारी माझी आई! घरी येऊन एकटीच हसत बसायची.

मला ते सहन होईना. धंदा काढायला याला दुसरं काही सुचलं नाही? आणि माझ्या आईला फुकट का खेळवतो? काहीतरी डाव असणारच, नाही का?

परीक्षण लिहायला त्यानेच मला बोलावलं. चहा आणि खारी पुढे ठेवली. खेळता खेळता ते मशीन आपले फोटो काढायचं आणि शेवटी दाखवायचं — तोंड वासलेलं, पाय हवेत. बायका सगळ्यात जास्त त्या फोटोंनाच हसायच्या. मी मशीनचं सेटिंग उघडून तपासलं. मुद्दाम सेव्ह केले नाहीत तर गेम बंद होताच फोटो पुसले जात होते. आत एकही फोटो नव्हता. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

आणि तरी मी लिहिलं — कसं सांगू? — खोटं वाक्य एकही नव्हतं त्यात. फक्त एक प्रश्न होता. 'आपल्या आयाबहिणींचे हे फोटो शेवटी जातात कुठे?'

उत्तर मला माहीत होतं.

दाराबाहेरच्या चपला कमी होत गेल्या. कुणाचा तरी नवरा येऊन शबानाला नको नको ते बोलून गेला. मग एके दिवशी इम्तियाज माझ्या पार्लरच्या दारात उभा. चोराच्या मनात चांदणं — मला वाटलं, आता हा कॉलर धरणार. पण तो खुर्चीत टेकला आणि म्हणाला, "यार, लोक तुझं ऐकतात. मशीनमध्ये काय पण साठत नाय, एवढी एक ओळ लिही ना. शबाना घराबाहेर निघत नाय रे."

"बघतो," मी म्हणालो.

लिहिलं नाही. भ्यालो म्हणू, की जळत होतो म्हणू? दोन्ही.

दुकान बंद करून तो पुन्हा कुवेतला गेला. जाण्याआधी ते कन्सोल आमच्या घरी ठेवून गेला. काकींना आवडतं, म्हणाला. माझ्याकडे त्याने संशयाने बघितलंसुद्धा नाही. ते मला येतं, त्याला येत नव्हतं.

आईने कन्सोल टीव्हीशेजारी मांडलं, पण कॅमेऱ्याचं तोंड भिंतीकडे करून. एका संध्याकाळी भाजी निवडताना तिने विचारलं, "हा कॅमेरा खरंच कुठे फोटो पाठवतो का रे? तुला यातलं सगळं कळतं म्हणून विचारते."

"सांगता येत नाही," मी म्हणालो.

तिने उठून कॅमेऱ्यावर एक ब्लाऊजपीस टाकला. त्यानंतर ती कधीच खेळली नाही.