पत्र्यावर पत्रा

जुने पत्रे काढा आणि मग नवे बसवा, एवढं साधं वाक्य मी त्या उन्हाळ्यात पन्नास वेळा तरी बोलले असेन. फोनवर बोलले, तोंडावर बोलले, शेवटी ओरडून बोलले. वडील मात्र एकच धरून बसले होते. जुन्यावरच नवा टाकायचा.

आमचं घर येरमाळ्याजवळ, दोन खोल्यांचं. पत्र्याची गंजून चाळण झालेली. वर डांबराची ठिगळं आणि निवडणुकीतला एक फ्लेक्स, त्यातला उमेदवार आभाळाला हात जोडून. दोन वर्षांपूर्वी आईचं अर्धं अंग लुळं पडलं, तेव्हापासून ती बाजेवरच होती. पाऊस आला की आम्ही तिला बाजेसकट या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सरकवायचो आणि गळती आमच्या मागं मागं यायची. येत्या पावसाळ्यात तिच्या अंगावर थेंब पडू द्यायचा नाही, एवढंच मला हवं होतं.

मी उमरग्याला शाळेत शिकवते. दर शनिवारी बस धरून यायचे, तर वडिलांकडं नवं कारण तयार. "डबल पत्रा म्हंजे गारवा ऱ्हातोय." पुढच्या शनिवारी, "पावसाचा आवाज कमी येतोय." ते कारखान्यात फिटर होते, त्यामुळं लोखंडाविषयी त्यांना शहाणपण शिकवायची कुणाची छाती नव्हती. पत्रेवालाही त्यांच्याच बाजूचा. का नसेल? जुनं उतरवायचे कष्ट वाचत होते.

शेवटी मी स्टुलावर चढून लाकडी वाशात बोट खुपसलं. दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं. भुसा आईच्या बाजेवर पडला.

मी वडिलांना म्हणाले, "दादा, ह्याच्यावर दुप्पट ओझं टाकताय? उद्या आईच्या अंगावर आलं म्हणजे?"

वडिलांनी मला अंगणात नेलं. "जुनं काढायचं म्हंजे दोन दिस तिला दुसऱ्याच्या घरी ठिवावं लागतंय," ते हळू आवाजात म्हणाले. "तिचं हागणं-मुतणं समदं परक्याच्या दारात. ती म्हणली, मला भायेर काढू नका. म्या शबूद दिलाय."

हे पहिल्याच शनिवारी सांगितलं असतं तर माझा घसा वाचला असता! मला संताप आला आणि लाजही वाटली, कारण आईला मी एकदाही विचारलं नव्हतं.

मग पत्रेवाल्याला बोलावलं. जुनं राहू दे म्हटलं, पण नव्याचं वजन वाशांवर नको. त्यानं कुजक्या वाशांना खालून टेकू दिले, भिंतींवर लोखंडी पाइपचा वेगळा सांगाडा केला आणि जुन्या पत्र्याच्या वीतभर वर निळे पत्रे स्क्रूनं आवळले. आई दोन दिवस घरातच, जुन्या पत्र्याखाली पडून ठोकाठोक ऐकत होती.

काम संपलं. गल्ली बघायला आली, वाहवा झाली. तेवढ्यात आतून आईचा आवाज आला, जड जिभेनं एकेक शब्द तोडत. "मलाबी बघायचाय. भायेर न्या."

मी कपाळावर हात मारला. हिला बाहेर काढावं लागू नये म्हणून आम्ही बापलेक अख्खा उन्हाळा भांडलो होतो. तरी आम्ही दोघांनी बाज उचलून अंगणात आणली. तिनं छपराकडं बराच वेळ पाहिलं.

"दगडं कुठं हायती?"

आमच्याकडं वाऱ्यानं पत्रा उडू नये म्हणून वर दगड ठेवतात. जुन्यावरचे पत्रेवाल्यानं भिंतीकडेला रचले होते. मी म्हणाले, "आई, स्क्रू मारलेत गं. दगडानं नव्या पत्र्याला पोचे पडतील." तोवर वडील शिडी घेऊन आलेसुद्धा. माझं डोकंच फिरलं. "दादा, फिटर ना तुम्ही?"

"उडाला तर तुमी पळताल," आई म्हणाली. "म्या कशी पळू?"

मी शिडीखाली उभी राहिले आणि एकेक दगड वर देऊ लागले.