मर्लची माफी

डेटन शहरात माझं कॉमिक्सचं दुकान आहे. दर बुधवारी नवे अंक येतात आणि त्यांच्या मागोमाग मर्ल होस्टेटलर येतो. शाळेची बस चालवतो. अंक घेतो कमी, डोकं खातो जास्त.

टीव्हीवरच्या सुपरहिरोंच्या मालिकेतला कुठलाही खलनायक असो, मर्लने त्याचं वकीलपत्र घेतलेलंच. या आठवड्याच्या भागात एका माथेफिरू डॉक्टरने धरण फोडून आख्खं शहर बुडवलं, तर हा काउंटरवर कोपर टेकून म्हणतो, "अरे, त्याची बायको गेली होती. माणसाचं दुःख बघशील की नाही?"

"आणि बुडालेल्यांचं काय?" मी म्हटलं.

"तुझ्याकडे दयामाया म्हणून नाहीच."

हे मला ऐकवतो, जो याची बडबड फुकटात ऐकून घेतो.

तेवढ्यात कर्टिस आला. दोघं लहानपणचे दोस्त. पण गेल्या वर्षी मर्लने अशाच एका मालिकेचा शेवटचा भाग बघायच्या आधीच कर्टिसच्या तोंडून शेवट निघून गेला, तेव्हापासून अबोला. कर्टिसने डोनटचा खोका मर्लपुढे सरकवला.

"मर्ल, सोड ना आता. आई आयसीयूत होती रे तेव्हा. डोकं ठिकाणावर नव्हतं, बोलून गेलो."

मर्लने खोक्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाला, "त्याला सांग, कारणं काय, सगळ्यांकडेच असतात."

मग खुर्ची माझ्याकडे ओढून म्हणाला, "हां, तर तो बिचारा डॉक्टर..."