वाचून दाखवले

डिचोलीच्या बाजारात औषधांच्या दुकानावर एक अरुंद जिना होता. वर वकील गोकुळदास म्हांबरे यांची पाटी: दिवाळखोरी, कर्जवसुली, धनकोंचे हक्क. त्या जिन्यावरून कुणी हसत उतरल्याचे बाजाराने पाहिले नव्हते. हसणारे होते, पण ते संस्थांचे व्यवस्थापक. त्यांना जिना चढावा लागत नसे, गोकुळदासच त्यांच्याकडे जात.

ते मूळचे पेडण्याचे. गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्याच्या पुढच्याच वर्षी सनद घेऊन म्हापशाला एका ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली लागले. तिथे पहिल्याच खटल्यात सावकाराचा दावा अर्धा कोसळताना त्यांनी पाहिला. गोव्यात लग्न झाले की घरदार दोघांचे, निम्मे नवऱ्याचे, निम्मे बायकोचे; पोर्तुगिजांच्या वेळचा कायदा. सावकाराने नवऱ्याची सही घेतली होती, बायकोला विचारलेच नव्हते. तिचा निम्मा हिस्सा वाचला आणि सावकार कोर्टाच्या पायरीवर बसून राहिला.

गोकुळदासांचा धंदा उभा राहिला तो त्या पायरीवर. कर्जाच्या प्रत्येक कागदावर बायकोची सही, आणि सहीआधी कागद तिला वाचून दाखवायचा. कागद इंग्रजीत असे. गोकुळदासांनी कॉलेजात असताना मराठीसाठी मोर्चे काढले होते, घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या होत्या. पण बायकांपुढे कागद वाचताना ते स्वयंपाकघरातली कोकणी बोलत. "बाय, न्हवऱ्यान पयशे भरले नात जाल्यार हें घर वतलें. कळ्ळें मगो?" ती मान हलवी. मग खाली ओळ यायची: कोकणीतून वाचून दाखवले, समजले, मान्य. त्याखाली तिची सही, शेजारी त्यांची. पंचवीस वर्षांत त्या ओळीला कुणी धक्का लावू शकले नाही. ती खोटी नव्हतीच. ते खरोखर वाचत, घाई न करता. एका बाईने ऐकून सही नाकारली, तेव्हा व्यवहार मोडला म्हणून व्यवस्थापक चिडला, आणि गोकुळदास मात्र आठवडाभर खुशीत होते.

धाकटी बहीण कमलाक्षी कारापूरला दिलेली. खनिजाला भाव आला तेव्हा तिचा नवरा मधुकर याने दोन ट्रक घेतले, मग आणखी तीन घ्यायचे ठरवले. कर्ज द्यायला एक पतसंस्था तयार होती; तिचे वकील गोकुळदासच. २००८ची भाऊबीज. कमलाक्षीने पाट मांडला, ओवाळले, पुढ्यात पोह्यांची ताटली ठेवली. मधुकर म्हणाला, "दादा, कागद हाडलास मू? आतांच जांव."

गोकुळदासांनी बॅगेतून कागद काढला. कमलाक्षी पदराला हात पुसत म्हणाली, "खंय करूं सही?"

त्यांनी बोट ठेवले. वाचायला तोंड उघडले होते. पण समोर निरांजन अजून जळत होते, आणि सख्ख्या बहिणीला, ओवाळून झाल्या झाल्या, हे घर जाईल असे सांगायचे त्यांच्या जिभेवर येईना. घरच्या माणसाला कसले वाचून दाखवायचे. तिने सही केली आणि म्हणाली, "फोव थंड जातात, खा." ओळ आधीच टाइप केलेली होती.

चार वर्षांनी खाणी बंद झाल्या. पाच ट्रक कारापूरच्या रस्त्याकडेला उभे राहिले, त्यांच्या चाकांतून गवत आले. मधुकर बोलेनासा झाला. संस्थेने घराला हात घातला, तेव्हा कमलाक्षीने दावा लावला: माझा निम्मा हिस्सा सोडा, मला कागद कुणी वाचून दाखवला नव्हता. गोकुळदासांनी संस्थेचे वकीलपत्र सोडले. साक्षीला मात्र जावे लागणारच होते. सही त्यांची होती.

तारखेच्या आदल्या दिवशी ती जिना चढून आली. पहिल्यांदाच. खुर्चीवर बसली नाही.

"दादा, हांव तुका खोटें उलोवंक सांगना. घडलां तें सांग."

"तुका कळना, कमू. म्हज्या सहीचे सातशे कागद आसात. एक मोडलो जाल्यार सगळे मोडटले."

"त्यो सातशे जाणी तुज्यो भयणी न्हय."

"तांकां हांवें वाचून दाखयलां."

"खबर आसा," ती म्हणाली. "म्हाकाच तेवडें ना."

ती गेल्यावर त्यांनी मनात हिशेब मांडला. खरे सांगितले तर उद्या प्रत्येक जप्तीत एक बाई उभी राहून म्हणेल, मलाही नाही दाखवले, वकिलाने बहिणीला फसवले तिथे माझी काय कथा. ज्यांना शब्द न् शब्द वाचून दाखवला होता त्याही. आयुष्यात पाळलेली एकच सचोटी, तीच खोटी ठरणार होती. ती वाचवायची तर एकदाच खोटे बोलायचे. हिशेब सरळ होता. त्यांना त्याची शिसारी आली, तरी तो चुकत नव्हता.

गोकुळदास साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिले. कमलाक्षीचा वकील देवेश नाईक याने विचारले, "साहेब, कागद वाचून दाखवला होता?"

"वाचल्याशिवाय मी सही घेत नाही. माझी पद्धत आहे."

"पद्धत नाही विचारली. त्या दिवशी?"

गोकुळदासांनी न्यायाधीशांकडे पाहिले. कमलाक्षी बसली होती त्या मागच्या बाकाकडे पाहिले नाही.

"वाचून दाखवला होता."

दावा फेटाळला गेला. घर लिलावात गेले. संस्थांचे काम वाढले. म्हांबरेंच्या कागदाला त्यांची सख्खी बहीणसुद्धा हलवू शकली नाही, असे व्यवस्थापक एकमेकांना सांगत. हे ऐकून गोकुळदास पाण्याचा पेला तोंडाला लावत आणि भरलेलाच खाली ठेवत.

दिवाळी आली. बायको सुमंगला म्हणाली, "वचूं नाकात." ते गेले. कमलाक्षी साखळी गावात दोन खोल्यांत राहायला गेली होती. तिने दार उघडले, पाट मांडला, निरांजन लावले, कपाळाला कुंकू लावले, ओवाळले. काहीही चुकले नाही. मधुकर आतल्या खोलीतून बाहेर आला नाही.

गोकुळदासांनी खिशातून नोटांचे जाड पाकीट काढून ताटात ठेवले. कमलाक्षीने ताट खाली ठेवले नाही. तसेच धरून उभी राहिली.

"पयलीं वाचून दाखय," ती म्हणाली. "मागीर घेतां."

त्यांनी पाकीट परत हातात घेतले. उलटसुलट करून पाहिले. दोन्ही बाजूंनी ते कोरे होते.