कौसाबाईला यशस्वी करणारे काका

अन्याय झाला तो मारेगाव तालुक्यातल्या कौसाबाईवर, यंदाच्या दसऱ्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी अकरा वाजता. घरकुलाच्या यादीतून तिचं नाव काटलं गेलं. आणि ज्यांच्या लेखणीमुळे ते काटलं गेलं, त्या माझ्या वहिनीच्या काकांइतका निरुपद्रवी माणूस उभ्या यवतमाळ जिल्ह्यात सापडायचा नाही.

काका बाभुळगावचे, पंचायत समितीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. सरावाने सगळं साधतं यावर त्यांची इतकी श्रद्धा, की निवृत्तीआधी सहा महिने दर रविवारी ते निवृत्तीचासुद्धा सराव करत. अंगणात खुर्ची, मांडीवर पेपर, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "काय म्हणता?" एवढंच. पेन्शनच्या कागदावर सही करायची, तर आदल्या दिवशी जुन्या पाकिटांवर पन्नास सह्या. काकू म्हणायच्या, "चाळीस वर्षं झाली, बशीत चहा ओतून राह्यले. अजून सांडतेच!" काका शर्ट झटकत म्हणत, "आता कमी सांडतो."

टायपिंग क्लासपासून कुस्तीच्या आखाड्यापर्यंत तालुक्यातल्या सगळ्यांची पत्रकं तेच लिहून देत, तीही फुकट. साचा ठरलेला. आधी अपयश, मग घाम, मग सरावाची वर्षं, आणि शेवटच्या ओळीत हारतुरे. शेतमजूर बायांची पत्रकं लिहायला मी शिकले ती त्यांच्याच हाताखाली. माझ्या पत्रकाच्या शेवटी मागणी असायची. ते लाल पेनाने ती खोडून "अखेर यश मिळालेच" असं लिहायचे. म्हणायचे, "वाचणाऱ्याले असं मधात सोडू नये, पोरी."

कापसाचे भाव पडले तसं एका मेळाव्यासाठी त्यांच्याकडे पत्रक मागितलं गेलं, लोकांनी धीर सोडू नये म्हणून. उदाहरण हवं होतं, म्हणून मीच त्यांना कौसाबाईकडे नेलं. वीस वर्षं लोकांच्या वावरात वेचणी करणारी बाई. कमरेला ओटी बांधून दोन्ही हातांनी अशी वेचते, की कापसात पाल्याचा कण येत नाही. काकांनी अर्धा दिवस बांधावर उभं राहून सगळं टिपून घेतलं. पत्रक अक्षर न् अक्षर खरं उतरलं. शेवटची ओळ मात्र हात सवयीने लिहून गेला: "आज कौसाबाई स्वतःच्या पक्क्या घरात सुखाने राहते." पत्रक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागलं. यादी करणाऱ्यांनी ते वाचलं. झालं!

मी तडक काकांकडे गेले आणि पत्रक पुढ्यात ठेवलं. चष्मा लावून त्यांनी ते वाचलं. चेहरा खुलला. "जमलंय, नाही?"

"काका, तिचं नाव काटलं यादीतून. ह्या ओळीमुळे."

त्यांनी त्या ओळीवरून बोट फिरवत ती पुन्हा वाचली. मग अगदी हळू म्हणाले, "पण शेवट तसाच करतात ना गं?"

दुसऱ्याच दिवशी बस धरून ते माझ्यासोबत तिच्याकडे आले. कुडाच्या भिंती, वर प्लास्टिक टाकलेलं. कौसाबाईने खाट टाकली. "बसा, बाप्पा. तुम्हीच लिवलं नं, मी यशस्वी झाली म्हनून? मंग पावसायात पानी काहून गयते माह्या घरात?" ती हसत होती. काका हसले नाहीत.

येत्या शुक्रवारी तिच्या गावात ग्रामसभा आहे; नाव यादीत परत घालायचं तर ठराव तिथेच व्हायला हवा. आयुष्यभर दुसऱ्यांची भाषणं लिहून देणारे काका स्वतः कधी चार लोकांपुढे उभे राहिलेले नाहीत. आता राहणार आहेत. घरात रोज एकाच वाक्याचा सराव चालतो: "ती ओळ मी लिहिली आणि ती खोटी आहे." 'खोटी'पाशी आवाज बसतो. काकू पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्या असतात. काल मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, तुमच्याऐवजी मीच बोलते."

"नको," ते म्हणाले. "वाक्य माझं आहे."

ते अडखळतील, मला माहीत आहे. पण एका म्हाताऱ्याच्या बसलेल्या आवाजावर कौसाबाईचं घर ठरता कामा नये. म्हणून तुम्हाला सांगते आहे, विनंती करत नाही. शुक्रवारी या. त्या गावचे असाल तर हात वर करा, बाहेरचे असाल तर मागे उभे राहा. आणि ठरावात तिचं नाव लिहून होईपर्यंत जागचे हलू नका.