लाल दोरीच्या पलीकडचा फोटो

हे सांगायचं मी बारा वर्षं टाळलं. कुणी विषय काढला की दुकानाच्या आतल्या खोलीत निघून जायचो. मस्कतमध्ये मत्रहच्या बाजारात आपली माणसं अजून म्हणतात, की तो हिरोगिरी करायला गेला आणि मेला. ऐकलं की डोकं फिरतं. पण हे खोटं त्यांच्या तोंडी मीच घातलं.

ज्याच्याबद्दल ते बोलतात तो माझा मित्र, ओमानमध्येच सूर बंदरात बर्फाच्या कारखान्यात फोरमन होता. होड्यांना मासळीसाठी बर्फ पुरवण्यात त्याची वर्षं गेली. एप्रिलमध्ये आम्ही आठ जण स्की शिकायला जॉर्जियाला गेलो. इंग्रजी बरं म्हणून पुढारी मी.

गाईडने आदल्या दिवशी बजावलं होतं, सातला निघा, अकराच्या आत परत या. रात्री गोठलेला बर्फ सकाळी घट्ट असतो. ऊन चढलं की त्यात पाणी मुरतं आणि अख्खा थर सुटून खाली येतो. मी मंडळींना एवढंच सांगितलं, "ऊन पडलं की निघू, उगाच गारठायला नको." ओमानच्या उन्हापासून जन्मभर पळालेली माणसं आम्ही, तिथे मात्र उन्हाची वाट बघत बसलो. गाईड अडीच तास ताटकळला. मग चिडून म्हणाला, आज फक्त सपाटीवर, उताराच्या पायथ्याशी बांधलेली लाल दोरी कुणी ओलांडायची नाही.

बारा वाजता तो बाकीच्यांना घेऊन खाली नेणाऱ्या रोपवेच्या पाळण्याकडे निघाला. आम्ही दोघं मागे. मला फोटो हवा होता, मागे सगळा डोंगर येईल असा.

"दोरीपलीकडे उभा राहा," मी म्हटलं.

"नको रे. आतून पाणी वाहतंय, ऐक. आमच्या कारखान्यात बर्फाची लादी अशी सुटायला लागली की आम्ही मागे सरतो."

"ही तुझ्या पापलेटाची लादी नाही. यल्ला, चल, एक मिनिट."

तो हसला, दोरीखालून वाकून पलीकडे गेला.

बर्फ उडत वगैरे आला नाही. ओल्या सिमेंटसारखा घसरत आला आणि त्याच्यावर बसला. गाईडने धावत येऊन फावड्याने काढलं त्याला, पण उशीर झाला होता. चौकशीला आलेल्या माणसाला मी सांगितलं, तो आपणहून गेला. गाईडनेही माझ्यावरच विश्वास ठेवला.

त्याच्या बायकोने फोनवर विचारलं, "भावोजी, यांना तर बर्फातलं सगळं कळायचं. मग कसं झालं?"

"त्याने ऐकलं नाही वहिनी," मी म्हटलं.

नंतर एकदा रत्नागिरीला तिच्या घरी गेलो. तिने चहा केला, कोकमाची सोलं बांधून दिली, मी मस्कतच्या हवेबद्दल बोलून परत आलो. गेल्या वर्षी तीही गेली. त्या दिवशी तिच्या ओटीवर बसून मनात घोकलेलं वाक्य एवढंच होतं: वहिनी, मला माफ करा, त्याने माझं ऐकलं म्हणून तो गेला.